अंगातलं काढण्याचे घरचे नियम

सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागं, हळदीच्या वखारीवर एक खोली आहे.
जिन्याच्या सातव्या पायरीवर पुराची रेघ अजून तशीच.
तिथं दर शनिवारी रात्री आम्ही पाचजण खेळतो.
सूत्रधार मी. पडदा म्हणून कॅलेंडरचा पुठ्ठा.
फाशाला वीस बाजू, वीसही पिवळ्या,
कारण फळ्यांच्या फटीतून हळद वर येते,
चहात उतरते, बोटांच्या रेघांत बसते.

बुडालेल्या घाटावर, तिसऱ्या पायरीपाशी,
सन्मतीच्या भिवरा नावाडणीला एकीनं धरलं.
फासा एकवर पडला होता. मी म्हणाले,
"पाणी गार लागतंय. आता तोंड तुझं, आवाज तिचा."

पुस्तकात उपाय एका ओळीचा:
मंत्र म्हणा, फासा टाका, बाराच्या वर पडलं की सुटली.
तौसीफ म्हणाला, "एवढंच? एवढ्यात आमच्या मिरजेत
एक तारसुद्धा जुळत नाही."

मग पावतीपुस्तकाच्या पाठीवर आम्ही आमचे नियम लिहिले.

पहिला अरिंजयनं लिहायला लावला. मारायचं नाही.
लिंबाचा डहाळा नाही, चप्पल नाही, मिरच्यांची धुरी नाही.
"मावशीला नंतर डाव्या डोळ्यानं दिसायचं नाही," एवढंच बोलला
आणि भडंगातले शेंगदाणे वेचत राहिला.
बराच वेळ कुणी फासा उचलला नाही.

दुसरा: विचारायचं, पण बसून. आणि तीनच प्रश्न.
कोण तू. कुठनं आलीस. काय राहिलं.
काय पाहिजे, असं विचारायचं नाही;
पाहिजे म्हटलं की नारळ-कोंबड्यावर येतं सगळं,
राहिलं म्हटलं की कुणीही जरा थांबतं.

तिसरा खोडलाय. तो माझा होता,
सूत्रधाराचा शब्द शेवटचा वगैरे.

चौथा: सोडवणाऱ्यानं स्वतःच्या कागदावरचं काहीतरी पुसायचं,
खरंच, खोडरबरानं.
तलवार चालणार नाही. मोहरा तर नाहीच.
आईनं शिकवलेली एखादी ओवी, गावाचं नाव,
असलं काहीतरी, ज्याशिवाय पुढचा डाव अडेल.

त्या रात्री तौसीफनं मांडी घातली आणि विचारलं.
आम्हाला माहीत असलेली सन्मती
बँकेच्या खिडकीत "पुढच्या काउंटरला जावा" म्हणते,
तेही दोनदा विचारल्यावर.
ही गेले तीन शनिवार खदाखदा हसत होती,
अरिंजयचं वाक्य मधेच तोडत होती,
उत्पलाच्या जादूगाराला तिनं दोनदा बुडवलं होतं.

"काय राहिलं?"
खाली कुणीतरी हातगाडी ओढत नेली. पंखा फिरत होता.
"पलीकडं जायचं राहिलं," ती म्हणाली.
"भाडं दिलेलं मी. नाव मधल्या धारेला आली
आणि नावाडी म्हणाला, वजन जास्त झालं."

उत्पलानं तिची ओवी पुसली. कागद तिथं पातळ झाला.
फासा टाकला. तो घरंगळला, पुठ्ठ्याला लागला,
आणि फळ्यांच्या फटीतून सरळ खाली, हळदीत.

आम्ही चौघं ओणवं होऊन फटीत बघत असताना
सन्मती तिच्या, अगदी तिच्याच आवाजात म्हणाली,
"पण मला कुणी विचारलंच नाही.
नाव तर नीट चालवते की ती."

पाचवा नियम तिनं स्वतः लिहिला. अक्षर बारीक, बँकेतलं.
अंग ज्याचं, आधी त्याला विचारायचं.

आता भिवरा दोघींनी वल्हवते. एकाच माणसाचं भाडं घेते.
पलीकडचा काठ दिसायला लागलाय. पोचल्यावर काय, ते मी अजून ठरवलेलं नाही,
आणि यावेळी माझ्याकडं कुणी मागतही नाही.

सोमवारी दगडू हमाल फासा घेऊन आला.
मी घाईनं विचारलं, "कितीवर होता?"
"कितीवर कसला, बाई," तो म्हणाला,
"पोत्यात होता."